पंच्याऐंशी रुपयांचा कढीपत्ता

"काकू, कढीपत्ता आहे का हो दोन काड्या?"

"आहे की. तोड, तुझ्याच बाजूला वाकलंय झाड. पण आज मला कशी विचारतेस? परवापर्यंत तर तो हेल्मेटवाला मुलगा आणून देत होता तुला."

झालं. फोडणीसाठी दोन काड्या घ्यायला मी भिंतीशी गेले आणि भिजवलेले पोहे चाळणीत तसेच सुकत राहिले.

कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीत आमच्या आणि काकूंच्या घरामध्ये छातीएवढी भिंत आहे आणि भिंतीवर कडप्पा. या कडप्प्यावरून बावीस वर्षांत विरजण, शिऱ्याच्या वाट्या, गॅसचा रेग्युलेटर आणि एकदा तर काकांचं पासबुकसुद्धा इकडून तिकडे गेलंय. हल्ली मात्र रहदारी कमी झाली होती, हे खरं. विरजण दहा रुपयांना कपात मिळतं आणि आठ मिनिटांत दारात येतं, तर काकूंना कशाला हाक मारा?

"खरं सांगू का काकू, काल मागवतच होते. बिल बघितलं आणि फोन खाली ठेवला."

"बघू."

काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. काकू बँकेत कॅशियर होत्या. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण कागदावर आकडे दिसले की अजून ओठ हलतात. माझ्या फोनमध्ये कालची टोपली तशीच भरलेली होती. कढीपत्ता १४ रुपये. पोचवण्याचे ३०. हाताळणीचे १०. टोपली छोटी आहे म्हणून २०. या साठ रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १० रुपये ८० पैसे. एकूण पंच्याऐंशीला वीस पैसे कमी.

"हाताळणी म्हणजे काय गं? कढीपत्ता हाताळायला माहूत लागतो का?"

"ते सगळ्यांनाच लावतात."

"आणि छोट्या टोपलीचे वीस?"

"थोडंच घेतलं म्हणून."

"थोडं घेतलं म्हणून दंड करणारा वाणी मी जन्मात पाहिला नाही. आमच्या पार्ल्याच्या वाण्याकडे आपण अर्धा शेर साखर घ्यायला गेलो तर तो पोराच्या हातावर चार शेंगदाणे ठेवायचा. पुढच्या वेळी शेरभर घ्यावी म्हणून. तुझं हे बिल म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि गंमत बघ, पोचवण्यावर हा १८ टक्के लागला तो २२ सप्टेंबर २०२५ ला. त्याच दिवशी तूप बारा टक्क्यांवरून पाचावर आलं, बिस्किटं अठरावरून पाचावर आली आणि पाकिटातल्या पनीरवरचा करच गेला. तुपात वाचलं ते कढीपत्त्यात घालवायचं, असा हिशेब झाला तुझा."

तारीख काकूंना पाठ असण्याचं कारण म्हणजे वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी, दुकानदार वापरतात तसली. काकू ॲपच्या विरोधात आहेत असं कुणाला वाटेल, तर मुळीच नाही. गुडघा बदलल्यापासून त्यांचं महिन्याचं सगळं सामान ॲपवरूनच येतं. तीन ॲपं आहेत फोनमध्ये. पण यादी वहीत होते, बसून, चहाबरोबर, आणि महिन्यातून तीनदाच मागवतात. मी जवळजवळ रोज मागवायचे. त्यावर काकूंचं म्हणणं असं, की यादी करून मागवणं म्हणजे सामान भरणं, आणि आठवेल तसं मागवणं म्हणजे चरणं.

"चरणं काय काकू, मी काय म्हैस आहे?"

"तू कशाला? ती कोपऱ्यावरची बघ. माणसं तीन, आणि काल सहा वेळा बेल वाजली. मोजल्या मी."

"तुम्ही मोजता?"

"गुडघा बदलल्यावर खिडकीत बसवतात माणसाला. मोजायचं नाही तर करायचं काय? सकाळी दूध, मग दुधासाठी कॉर्नफ्लेक्स, दुपारी चिप्स, चारला आइसक्रीम, सातला पाव, आणि रात्री साडेदहाला एवढीशी पुडी. काय होतं कुणास ठाऊक, मी विचारलं नाही."

"इनो."

"तुला कसं माहीत?"

मला माहीत होतं कारण त्या मुलानं आधी ती आमच्याच दारात आणली होती. पण ते असो.

काकूंनी वही आणून कडप्प्यावर उघडली. बावीस जिनसा. प्रत्येकीपुढे चार रकाने: कोपऱ्यावरचं दुकान, डी-मार्ट, उद्या आणून देणारं ॲप, दहा मिनिटांत आणून देणारं ॲप. आणि गंमत म्हणजे रकान्यांत पाकिटाची किंमत कुठेच नाही. सगळीकडे किलोला किती, एवढंच.

"पाकिटाची किंमत लिहायचीच नाही," काकू म्हणाल्या. "तिथेच माणूस फसतो. हे बघ, तूरडाळ. एकाच ॲपवर, एकाच कंपनीची. अर्धा किलो ७४, एक किलो १५५."

मी हिशेब केला. अर्ध्याची दोन पाकिटं १४८. मोठं पाकीट सात रुपयांनी महाग!

"मोठं घेतलं की स्वस्त पडतं, हे आपल्या डोक्यात सासूबाईंनी भरलेलं. त्यांच्या वेळी खरंच होतं ते. पोतं घेतलं की स्वस्त, मे महिन्यात गहू भरून ठेवला की स्वस्त. त्यांनी डाळीला एरंडेल लावलं, तांदळात कडुनिंबाचा पाला घातला, वर्षभर निवांत. आता कंपनीलाही माहीत आहे की आपण बघतच नाही, सरळ मोठ्यावर बोट ठेवतो."

इथे मला माझी बुद्धी दाखवावीशी वाटली. "पण काकू, आता पाकिटावरच छापलेलं असतं ना, एमआरपीच्या शेजारी, ग्रॅमला किती ते?"

"असतं. किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमला, वरचं असेल तर किलोला. चांगला नियम आहे, आणि त्याच सुमाराला दुसरंही केलं त्यांनी. आधी चहा, बिस्किटं, तेल असल्या ठरावीक मालाला ठरावीकच वजनं होती. ती अट २०२२ च्या एप्रिलपासून काढून टाकली. आता कुणी ४३० ग्रॅमचं पाकीट काढो नाही तर ८७० चं. फक्त दर छापा म्हणाले. पण तो दर वाचायला भिंग लागतं. आणि वाचला तरी काय? शून्य पूर्णांक सतरा. पैशाच्या पुढचं गुंडाळून टाकलेलं. किलोचा हिशेब करायला गेलीस तर चारपाच रुपये त्या गुंडाळण्यातच जातात."

मग तेलाचं प्रकरण निघालं. ते मी जरा सविस्तर सांगते, कारण यात मी स्वतः वर्षभर बुडत होते आणि वर लोकांना शिकवत होते.

मी शेंगदाण्याचं तेल सोडून सूर्यफुलाचं आणते, डॉक्टरांनी सांगितल्यापासून. ॲपवर एक पिशवी १४८ ला, दुसरी १२८ ला. चित्रात दोन्ही पिशव्या सारख्याच पिवळ्या, सारख्याच फुगलेल्या. मी अर्थात १२८ ची घ्यायचे, आणि ताईला फोनवर सांगायचेही, की अगं वीस रुपये वाचतात. काकूंनी मला ती पिशवी घरातून आणायला लावली. खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: ७५० ग्रॅम.

"एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम," काकू म्हणाल्या. "तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून किलो भरत नाही. एवढा आकडा पाठ कर, बाकी काही करू नकोस. तुझी १४८ ची पिशवी लिटरची, म्हणजे ९१० ग्रॅम. किलोला पडली १६२ रुपये ६४ पैसे. आणि १२८ ची ७५० ग्रॅमची. किलोला १७० रुपये ६७ पैसे. वीस वाचवलेस म्हणतेस? किलोमागे आठ जास्त दिलेस."

"पण मग छापलेल्या दरात कळलं असतं ना?"

"कसं कळणार? एकीवर लिटरचा दर, एकीवर ग्रॅमचा. आंबे डझनावर आणि पेरू किलोवर, यातलं स्वस्त काय सांग बघू."

मी पिशवी काखेत घेऊन उभी. ताईला आता काय सांगायचं, हा वेगळाच प्रश्न.

तेवढ्यात काकूंच्या माडीवर भाड्यानं राहणारी मुलगी खाली आली. हिंजवडीला जाते, पण त्या दिवशी घरून काम होतं. ती काकूंना आजी म्हणते आणि काकू तिच्याकडून फोनमधल्या सगळ्या खोड्या शिकून घेतात. तिनं माझ्या हातातला फोन घेतला आणि टोपलीच्या तळाशी जाऊन एक छोटी खूण काढून टाकली.

"हे काय होतं?"

"सदस्यत्व, मावशी. महिन्याचं. तुम्ही घेतलं नव्हतं, त्यानं आपणहून टाकलं होतं. याला नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ च्या नोव्हेंबरात असल्या तेरा युक्त्यांची यादीच काढली. टोपलीत गुपचूप वस्तू घुसवणं हीसुद्धा त्यातलीच. 'फक्त दोन शिल्लक' म्हणून घाई करणं, नको म्हणायच्या बटणावर 'नको, मला बचत करायची नाही' असं लिहून लाज आणणं, आधी एक किंमत दाखवून शेवटच्या पानावर एकेक शुल्क टपकवणं. सगळं त्या यादीत आहे. बंदी आहे."

"बंदी आहे आणि चालू आहे," काकू म्हणाल्या. "'ताई, शेवटचाच पीस आहे' हे मी तुळशीबागेत चाळीस वर्षं ऐकतेय. पण तिथे आपण पाठ फिरवली की तो मागून हाक मारतो, 'या, या, काय द्यायचंय बोला'. इथे पाठ कशी फिरवायची?"

"इथेही फिरवता येते आजी. मी तुम्हाला दाखवलं होतं की."

आणि हे मात्र मला खरंच ठाऊक नव्हतं. टोपली भरायची, पैसे भरायच्या पानापर्यंत जायचं आणि फोन बंद करून झोपायचं. दरवेळी नाही, पण बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप येतो: तुमची टोपली वाट पाहतेय, पन्नास रुपये सूट घ्या. मागून हाक मारणारा दुकानदारच तो, फक्त आवाज नाही. महिन्याचं सामान असेल तर ही युक्ती चालते, कारण घाई नसते. कढीपत्त्याला चालत नाही, कारण तेल तापलेलं असतं. दहा मिनिटांवाल्याचा सगळा धंदा त्या तापलेल्या तेलावरच उभा आहे, असं माझं मत.

दोन फोनांचीही गंमत तिनेच दाखवली. त्याच ॲपवर, त्याच वेळी, माझ्या फोनवर सूट नव्हती आणि आमच्या ह्यांच्या फोनवर होती. कारण हे दोन महिने फिरकलेच नव्हते तिकडे. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला काय द्यायचं, ते येणारच आहे. रुसलेल्याला द्यायचं. तेव्हापासून आम्ही आळीपाळीनं रुसतो.

"बँकेच्या कार्डाची सूट पण सांग तिला," काकू म्हणाल्या, आणि मग स्वतःच सांगायला लागल्या. "पंधराशेवर दीडशे सूट असेल आणि तुझी यादीच सोळाशेची असेल तर घे, देवानं दिलं समज. पण यादी अकराशेची असेल तर चारशेचं काय घेतेस तू? सांग."

मी सांगितलं नाही. मागच्या महिन्यात मी सूट मिळवायला किन्वा घेतला होता. तो अजून डब्यात आहे आणि घरात त्याला कुणी ओळखही दाखवत नाही.

काकूंकडे यावरही तोड आहे, आणि माझ्या मते अख्ख्या वहीतलं सर्वांत कामाचं पान हेच. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी 'भर' असं लिहून खाली दहा-बारा जिनसा मांडल्यात: मीठ, भांड्यांचा साबण, काडेपेट्या, हळद, फिनेल, कापूर, टूथपेस्ट. न नासणाऱ्या, आणि कधी ना कधी लागणारच अशा. ॲप जेव्हा म्हणतं, आणखी ४३ रुपयांचं घ्या म्हणजे पोचवणं फुकट, तेव्हा काकू चॉकलेटाकडे बघत नाहीत. 'भर'चं पान उघडतात.

"आणि ती एमआरपीवर काट मारलेली असते ना, तिच्याकडे बघायचंच नाही," त्या म्हणाल्या. "एमआरपी म्हणजे भाव नव्हे. याच्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच तिचं सांगणं. कोपऱ्यावरचा आपला दुकानदार कधी एमआरपीनं डाळ विकतो का? मग 'चाळीस टक्के सूट' ही कशावर? ज्या किमतीला कुणी विकतच नाही तिच्यावर. बदामाच्या पाकिटावर बघ, तिथे तर एमआरपी आकाशाला टेकलेली असते."

एवढ्यात आमचे हे पेपर घेऊन बाहेर आले. पोह्यांचं काय झालं, असं विचारायला आले असावेत, पण विषय ऐकून रमले. ह्यांना कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगायची सवय. बंगळुरात २०११ साली बिगबास्केट निघालं तेव्हा आज सांगितलेलं उद्या यायचं आणि लोक त्याचंच कौतुक करायचे. मग २०२१ साली मुंबईत झेप्टो आलं, ग्रोफर्सनं त्याच वर्षी नाव बदलून ब्लिंकिट केलं, आणि दहा मिनिटांची शर्यत लागली. गल्लीबोळात अंधारी गोदामं झाली, जिथे गिऱ्हाइकाला आत जाताच येत नाही, नुसत्या फळ्या आणि धावणारी मुलं.

"गिऱ्हाइकाला आत जाता येत नाही ना, तीच तर अडचण," मी म्हटलं. "आत गेलो असतो तर तारीख बघितली असती."

मला ते रव्याचं प्रकरण काढायचंच होतं. ॲपचं नाव घेत नाही. रवा आला, मी डब्यात ओतला, पाकीट फेकताना तारीख बघितली, तर सहा दिवस उरलेले. तक्रार केली तर म्हणाले, फोटो पाठवा. कशाचा पाठवू? रवा डब्यात, पाकीट कचऱ्यात, आणि कचऱ्याची गाडी नेमकी त्या दिवशी वेळेवर आलेली.

वरच्या मुलीला याचीही माहिती. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइनवाल्यांना सांगितलंय, की माल गिऱ्हाइकाच्या हातात पडताना मुदतीचा निदान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक पाहिजेत.

"म्हणून मी पिशवी इथे कडप्प्यावरच रिकामी करते," काकू म्हणाल्या. "आधी सगळं मांडायचं, तारखा बघायच्या, फुटलेलं-गळकं बाजूला काढायचं, एक फोटो काढायचा, मग आत न्यायचं. आणि पैसे परत देतो म्हणाले की विचारतात कुठे देऊ. त्यांच्या पाकिटात की तुमच्या खात्यात. पाकिटात लगेच येतात म्हणून तू तिथे घेत असशील."

"हो, लगेच येतात."

"येतात, आणि तिथेच खर्च होतात. वाण्याकडे ठेवलेले पैसे ते. खात्यात मागायचे. चार दिवस लागू देत. आणि फारच आडमुठेपणा केला तर १९१५ ला फोन करायचा. ग्राहकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात."

भाजीबद्दल मात्र काकूंची वही कोरी आहे. भाजी त्या ॲपवर घेत नाहीत. कोथिंबीर १०० ग्रॅम म्हणून जी येते ती बाळाच्या जावळाएवढी, वांगी सगळी एका मापाची जणू साच्यातून काढलेली, आणि आलं ओलंकच्च. वजन वाढवायला हल्ली दगड लागत नाहीत, पाणी पुरतं. दारावर हातगाडी येते, भाव वर-खाली करता येतो, वर कढीपत्ता आणि मिरच्या मिळतात. यावर वरच्या मुलीनं आक्षेप घेतला. ती सकाळी नवाला गाडी पकडते आणि रात्री साडेआठला घरी येते, तेव्हा हातगाडी कुठे असते? हेही खरंच. तिनं सांगितलं, ती कांदे, बटाटे, गाजर असलं न सुकणारं ॲपवर घेते आणि पालेभाजी शनिवारी मंडईतून. काकूंनी यावर 'हं' म्हटलं. काकूंचं 'हं' म्हणजे मंजुरी.

मग गोष्ट पार्ल्याला गेली. काकू लग्न होऊन पार्ल्यात गेल्या तेव्हा मुंबई ग्राहक पंचायत नुकतीच निघाली होती, १९७५ साली. शेजारपाजारच्या घरांनी मिळून एक संघ करायचा, प्रत्येकीनं महिन्याची यादी भरून द्यायची, पैसे आधी. मग ठरलेल्या दिवशी टेम्पो यायचा आणि एका घरी सगळा माल उतरायचा. त्या घरच्या दिवाणखान्यात पोती, डबे, साबणाची खोकी. बायका वाटप करायच्या, याद्या जुळवायच्या, तूट निघाली की तिथेच भांडायच्या आणि तिथेच चहा घ्यायच्या. मध्ये दुकानदार नाही, जाहिरात नाही, काचेचं दुकान नाही, म्हणून स्वस्त आणि चोख.

"ते ऑनलाइनच होतं," काकू म्हणाल्या. "नुसती लाइन तेवढी माणसांची होती."

यातूनच चार घरांची कल्पना निघाली. आमच्या गल्लीतल्या चार घरांनी तांदूळ, तेल, साखर, कपड्यांची पावडर एवढंच एकत्र मागवायचं, महिन्याच्या तीन तारखेला, उद्या आणून देणाऱ्या ॲपवरून. मोठी टोपली, पोचवणं फुकट, कार्डाची सूट. पहिल्या महिन्यात ४१२ रुपये वाचले आणि मोठा प्रश्न उभा राहिला, की कार्डावर जमा झालेले पॉइंट कुणाचे. ज्यांचं कार्ड, ते म्हणाले आमचे. बाकीच्या तिघी गप्प. त्या गप्प बसण्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. शेवटी काकूंनी निकाल दिला, दर महिन्याला वेगळं कार्ड. दुसऱ्या महिन्यात एका घरानं मध्येच मांजराचं खाणं घुसवलं आणि ते चौघींत वाटलं गेलं. तिसऱ्या महिन्यापासून काकू वाटणीचा तक्ता करतात आणि सगळ्यांच्या सह्या घेतात. हसू नका, चालतंय.

तो हेल्मेटवाला मुलगा मात्र राहिला बाजूलाच. भिंतीशी या गप्पा चालल्या त्याच दिवशी तो कोपऱ्यावर काहीतरी देऊन आमच्या गुलमोहराखाली थांबला होता. परभणीकडचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. काकू त्याला पाणी देतात. मी भिंतीवरून विचारलं, "काय रे, लोक एकेक वस्तू मागवतात, तुला राग नाही का येत?"

"राग कशाचा मावशी? जितक्या ऑर्डरी तितके पैसे. तुम्ही एकदम मागवलं तर माझंच नुकसान."

आम्ही दोघी गप्प. मुलगी वर निघून गेली, तिची मीटिंग होती. मुलगा पाणी प्यायला, फोन वाजला, तो गेला. काकू म्हणाल्या, "त्याला पाणी देते, लाडू देते, दहा रुपये हातावर ठेवते. पण त्याच्यासाठी कढीपत्ता पंच्याऐंशीला नाही घेणार मी." यावर माझं त्यांच्याशी पूर्ण एकमत नाही, पण भिंतीवर एवढा वाद नको म्हणून मी काड्या घेऊन आत आले. पोहे पुन्हा भिजवावे लागले.

हे सगळं झालं त्याला तीन महिने झाले. काकूंनी त्यांच्या वहीत माझ्या नावाचं एक पान काढलंय. त्याच्या आदल्या महिन्यात मी २९ वेळा मागवलं होतं आणि सामानाशिवायचा वरखर्च ८६४ रुपये होता. मागच्या महिन्यात ४ वेळा मागवलं. वरखर्च ४३, तोही पाहुणे दारात आणि दूध नासलं म्हणून. कढीपत्त्याचा रकाना त्यांनी मुद्दाम वेगळा ठेवलाय. त्यात तीन महिने शून्य आहे.